गाठ गेली, आता कान सांभाळायचे

मेंदूतल्या गाठीचे उपचार संपवून मूल घरी येतं, तेव्हा सगळ्या घराचा जीव एका तारखेत अडकलेला असतो. पुढचा एमआरआय कधी? त्यात काही दिसलं नाही, की काही महिने निर्धास्त जातात. केस परत येतात, वजन भरतं, शाळा सुरू होते. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी वर्गातून तक्रारी येऊ लागतात. लक्ष देत नाही, एक गोष्ट दोनदा सांगावी लागते, शुद्धलेखनात चुका वाढल्या. घरचे म्हणतात, एवढं सोसलंय पोरानं, थोडं इकडेतिकडे व्हायचंच. त्या तक्रारीच्या मुळाशी कान असू शकतो, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

डोक्याला दिलेल्या रेडिएशनमुळे काही मुलांची श्रवणशक्ती कमी होते. ती बहुतेक वेळा उपचार चालू असताना कमी होत नाही, उपचार मागे पडल्यावर होते. म्हणून या मुलांच्या कानांची तपासणी हा कॅन्सरच्या उपचाराचाच एक भाग धरला पाहिजे, आणि ती घराजवळ, ठरल्या तारखांना, वर्षानुवर्षं झाली पाहिजे.

हे झाशीसारख्या शहरातल्या घरांना विशेष लागू पडतं. नेवाळकर राजघराण्याच्या काळात आलेल्या मराठी घरांचे वंशज झाशीत आजही आहेत. रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे त्यांत भर पडली, कारण २००३ साली उत्तर मध्य रेल्वे सुरू होईपर्यंत झाशी विभाग मुंबईत मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेकडे होता. अशा घरात मुलाला मेंदूची गाठ निघाली, की ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबई अशी तीन नावं निघतात. मुंबईत कुणीतरी नातलग असतो, भाषा आपली असते, आणि परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून कॅन्सरवर काम करत आलं आहे. पंजाब मेलनं सुमारे अकराशे किलोमीटर जाऊन सहा-सात आठवड्यांचं रेडिएशन पुरं करता येतं. त्यासाठी रजा मिळते, पैसे उभे राहतात. पण कान जाण्याचा धोका त्यानंतरच्या दहा वर्षांत पसरलेला असतो, आणि ती दहा वर्षं मूल झाशीत असतं.

गाठ मागे, कान शेजारी

मुलांच्या मेंदूतल्या अनेक गाठी कवटीच्या मागच्या, खालच्या कप्प्यात होतात. तिथे तोल आणि हालचालींची सुसूत्रता सांभाळणारा लहान मेंदू असतो. या कप्प्यातली सर्वांत परिचित घातक गाठ म्हणजे मेड्युलोब्लास्टोमा. हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली या अमेरिकी डॉक्टरांनी १९२५ साली तिचं वर्णन केलं. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, उलट्या, चालताना झोक जाणं ही तिची नेहमीची लक्षणं. त्या काळी नुसत्या शस्त्रक्रियेनं ही मुलं वाचत नसत. गाठीच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून पाठीच्या कण्यापर्यंत पसरतात आणि तिथे पुन्हा वाढतात. १९५३ साली मँचेस्टरच्या एडिथ पॅटरसन आणि एफ. आर. फार या संशोधकांनी संपूर्ण मेंदू आणि कणा यांना रेडिएशन दिलेल्या मुलांचे निकाल छापले, आणि या आजारातून मुलं वाचू शकतात हे दिसलं. आज साध्या धोक्याच्या गटातली बहुतेक मुलं चांगल्या उपचारानं बरी होतात. रेडिएशननं या मुलांना आयुष्य दिलं आहे. ते विसरून त्याच्या दुष्परिणामांबद्दल बोलणं अन्यायाचं होईल.

रेडिएशन 'ग्रे' या एककात मोजतात. मेड्युलोब्लास्टोमाच्या साध्या धोक्याच्या मुलांना संपूर्ण मेंदू आणि कण्याला २३.४ ग्रे देतात, जास्त धोक्याच्या मुलांना ३६ ग्रे. मग गाठीच्या जागेला आणखी देऊन तिथला एकूण डोस ५४ ग्रेच्या आसपास नेतात. रोज १.८ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस. मुंबईच्या वॉर्डांत लोक याला 'लाइट' म्हणतात, बुंदेलखंडात 'सिंकाई'. मूल मास्क लावून टेबलावर निश्चल पडून राहतं, काही मिनिटांत काम होतं, दुखत काहीच नाही.

कान गाठीच्या अगदी शेजारी असतो. ऐकण्याचं खरं इंद्रिय बाहेर दिसणारी पाळी नसून आतली कॉक्लिया आहे. कानशिलाच्या कठीण हाडात बसलेली, अडीच वेढ्यांची, शंखाकृती, पायाशी जेमतेम नऊ मिलिमीटर रुंद. डावी-उजवी अशा दोन्ही कॉक्लिया लहान मेंदूच्या कप्प्याला लागून आहेत. पूर्वी या कप्प्याला डाव्या आणि उजव्या बाजूनं समोरासमोर किरण सोडत. त्या किरणांच्या वाटेवर दोन्ही कान सरळ येत आणि गाठीइतकाच डोस कानांनाही बसे.

आत काय बिघडतं

कॉक्लियाच्या आत द्रव असतो आणि त्यात केसपेशींच्या रांगा असतात. आवाजाच्या लहरींनी द्रव हलतो, केसपेशींच्या टोकाचे सूक्ष्म केस वाकतात, आणि त्या हालचालीचं विजेच्या संदेशात रूपांतर होऊन तो श्रवण-चेतातंतूतून मेंदूकडे जातो. एका कानात अशा सुमारे पंधरा हजार पेशी असतात. मेंदूला संदेश पोचवण्याचं मुख्य काम त्यांतल्या आतल्या रांगेतल्या साडेतीन हजार पेशी करतात, बाहेरच्या रांगा क्षीण आवाज वाढवून देतात. माणसात या पेशी मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत. जन्मतःच मिळालेल्या पेशींवर आयुष्य काढायचं असतं.

या पेशींची मांडणी हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी आहे. कॉक्लियाच्या तळाशी उंच स्वरांच्या पेशी, आणि वेढे चढत शेंड्याकडे जावं तसतसे खर्जाचे स्वर. हंगेरीत जन्मलेल्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी हे उलगडलं आणि १९६१ साली त्यांना नोबेल मिळालं. औषध असो वा रेडिएशन, इजेची सुरुवात सहसा तळाकडून होते. म्हणून उंच स्वर आधी जातात.

रेडिएशन केसपेशींना इजा करतंच. त्याशिवाय कॉक्लियाच्या भिंतीत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असलेला एक पट्टा आहे, तो द्रवातले क्षार राखतो आणि ऐकण्याला लागणारी विद्युतशक्ती पुरवतो. किरणांनी या रक्तवाहिन्या हळूहळू आकसतात, पट्टा सुकत जातो. पुढे चेतातंतूच्या पेशीही कमी होऊ शकतात. रक्तवाहिन्यांचं हे नुकसान महिन्या-वर्षांच्या गतीनं चालतं. म्हणूनच उपचार संपल्यावर केलेली तपासणी नॉर्मल आली, तरी कान सुटले असं म्हणता येत नाही.

अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलनं २०१६ साली २३५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांना डोक्याला रेडिएशन मिळालं होतं, पण कानाला मारक असं सिस्प्लाटिन औषध मिळालं नव्हतं. त्यांतल्या १४ टक्के मुलांची श्रवणशक्ती कायमची कमी झाली. रेडिएशन सुरू झाल्यापासून बहिरेपणा दिसेपर्यंतचा मध्य काळ होता ३.६ वर्षं, कुणाला सहा महिन्यांच्या आतच तो आला, तर कुणाला तेरा वर्षांनी. ज्यांची पुढे तपासणी होत राहिली अशा २९ मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांचे कान आणखी खालावत गेले. कॉक्लियाला मिळालेला डोस जास्त, उपचाराच्या वेळी वय कमी, आणि डोक्यातलं पाणी काढण्यासाठी शंट बसवलेला, अशा मुलांना धोका अधिक होता.

बिघाड नेहमी आतल्याच कानाचा असतो असंही नाही. रेडिएशननं घसा आणि कान जोडणारी नळी सुजते, पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. हा प्रकार औषधानं किंवा पडद्यात छोटी नळी बसवून सुधारता येतो. कमी ऐकू येतंय म्हटल्यावर 'रेडिएशनमुळेच असणार, आता उपाय नाही' असं घरीच ठरवून टाकू नये, याचं हे एक कारण.

कुणाला धोका, किती

सगळ्या मुलांना सारखी भीती नाही. रक्ताच्या कॅन्सरमध्ये मेंदूला प्रतिबंधक म्हणून दिलं जाणारं रेडिएशन १२ ते १८ ग्रेच्या आसपास असतं आणि तेवढ्यानं कान जाण्याची शक्यता फार कमी. कॉक्लियाचा सरासरी डोस ३० ग्रेच्या खाली राहिला तर धोका कमी असतो, आणि ४० ते ४५ ग्रेच्या पुढे तो झपाट्यानं वाढतो. म्हणून बालकॅन्सरमधून बरे झालेल्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ३० ग्रे ही लक्ष ठेवण्याची रेषा मानली आहे. मेड्युलोब्लास्टोमा, एपेन्डायमोमा, नाकामागच्या घशातला कॅन्सर, कानाजवळचा किंवा कवटीच्या तळाशी असलेला स्नायूंचा कॅन्सर या आजारांत ही रेषा ओलांडली जाऊ शकते.

रेडिएशनच्या जोडीला सिस्प्लाटिन आलं, की कानावर दुहेरी मार बसतो. प्लॅटिनमपासून बनलेलं हे औषध १९७८ साली अमेरिकेत वापरात आलं आणि मुलांच्या अनेक गाठींवर आजही त्याला पर्याय नाही. पण ते कानाच्या आत शिरल्यावर सहजी बाहेर पडत नाही. कॉक्लियात ते कित्येक महिने, वर्षंही राहतं, हे २०१७ साली दाखवलं गेलं. सिस्प्लाटिन घेणाऱ्या मुलांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त मुलांना काही ना काही श्रवणदोष येतो, आणि त्याची सुरुवात उपचार चालू असतानाच होऊ शकते. त्यावर एक उपाय निघाला आहे. यकृताच्या कॅन्सरच्या मुलांना सिस्प्लाटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिल्यावर श्रवणदोषाचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलं, असं २०१८ सालच्या चाचणीत दिसलं. अमेरिकेत २०२२ साली त्याला परवानगी मिळाली, पण न पसरलेल्या कॅन्सरपुरतीच. रेडिएशनच्या इजेवर हे औषध नाही. ती इजा टाळायचा मार्ग एकच: कॉक्लियाला डोस कमी द्यायचा.

डोस कमी करण्याची खटपट

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या कामी खरी प्रगती झाली आहे. एका बाजूनं डॉक्टरांनी केमोथेरपीची जोड देऊन साध्या धोक्याच्या मुलांचा संपूर्ण मेंदू-कण्याचा डोस ३६ वरून २३.४ ग्रेवर आणला. आणखी खाली, १८ ग्रेवर जाऊन पाहिलं, तेव्हा लहान मुलांत आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं. पण त्याच चाचणीनं, जिचे निकाल २०२१ साली आले, एक चांगली गोष्टही दाखवली. वाढीव डोस मागच्या संपूर्ण कप्प्याला न देता फक्त गाठीच्या जागेला दिला, तरी आजारावरचा ताबा तितकाच राहतो. कानांना यातून मोठी सवलत मिळते.

दुसऱ्या बाजूनं यंत्रं सुधारली. आयएमआरटी या पद्धतीत संगणक अनेक दिशांनी येणाऱ्या किरणांची तीव्रता तुकड्यातुकड्यानं बदलतो आणि डोस गाठीच्या आकाराला जुळवून देतो. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी २००२ साली मेड्युलोब्लास्टोमाच्या २६ मुलांची तुलना मांडली. जुन्या पद्धतीत कॉक्लियाला सरासरी ५४.२ ग्रे मिळत होते, आयएमआरटीत ३६.७. तीव्र श्रवणदोष जुन्या पद्धतीत ६४ टक्के मुलांना आला, नव्या पद्धतीत १३ टक्क्यांना. मुलं थोडी होती, पण फरक एवढा मोठा होता की कॉक्लिया वेगळी आखून तिचा डोस मोजायची रीत पडली.

भारतीय मुलांवरचा, मुंबईत घडलेला असाच एक मोठा पुरावा आहे. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षं वयाच्या २०० रुग्णांना चिठ्ठीच्या पद्धतीनं दोन गटांत वाटलं. सौम्य किंवा हळू वाढणाऱ्या मेंदूच्या गाठी, दोन्ही गटांना ५४ ग्रे, फक्त एका गटाला नेहमीच्या पद्धतीनं आणि दुसऱ्याला गाठीला काटेकोर बेतलेल्या पद्धतीनं. २०१७ साली निकाल आले. बेतलेल्या पद्धतीच्या गटात पाच वर्षांनी बुद्ध्यंक चांगला टिकला, आणि संप्रेरकांचे नवे बिघाड ५१ टक्क्यांऐवजी ३१ टक्के रुग्णांत झाले. ही चाचणी कानांसाठी आखलेली नव्हती. पण शेजारच्या निरोगी भागाला वाचवलं तर मुलाचं पुढचं आयुष्य बदलतं, हे तत्त्व तिनं आपल्याच देशातल्या मुलांत, आपल्याच सरकारी हॉस्पिटलात सिद्ध केलं.

त्यापुढची पायरी प्रोटॉन. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, प्रोटॉन ठरल्या खोलीवर थांबतात. चेन्नईत अपोलोचं प्रोटॉन केंद्र २०१९ साली सुरू झालं आणि नवी मुंबईत खारघरच्या टाटाच्या ॲक्ट्रेक संस्थेत २०२३ साली प्रोटॉन उपचार सुरू झाले. प्रोटॉनमुळे मेंदूचा बराच भाग वाचतो, पण कानाची हमी मिळत नाही. बोस्टनमध्ये प्रोटॉन घेतलेल्या मेड्युलोब्लास्टोमाच्या ५९ रुग्णांपैकी १६ टक्क्यांना पाच वर्षांत गंभीर श्रवणदोष आला. त्यांना केमोथेरपीही मिळाली होती. गाठ कॉक्लियाला चिकटून असेल तर डॉक्टर कानासाठी गाठीचा डोस कापत नाहीत, आणि कापूही नये. म्हणून यंत्र कितीही आधुनिक असो, पुढची तपासणी चुकत नाही.

हाक ऐकू येते, धडा ऐकू येत नाही

'हाक मारली की वळतो, मग ऐकू येत नाही कसं म्हणता?' आईवडिलांचा हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. बोलण्यातले स्वर, अ, आ, ओ, खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. हाक मुख्यतः स्वरांवर पोचते. शब्दाला शब्दापासून वेगळं करतात ती व्यंजनं, आणि स, श, च, थ, ठ, फ यांची ओळख पटवणारा भाग २,००० हर्ट्झच्या वर, 'स'चा तर ४,००० ते ८,००० हर्ट्झमध्ये असतो. रेडिएशननं आणि सिस्प्लाटिननं आधी जातो तो हाच टापू. मग 'साल' आणि 'शाल', 'पास' आणि 'पाच', 'सात' आणि 'साठ' यांतला फरक पुसट होतो. मुलाला आवाज येतो, पण शब्द कुठला ते अंदाजानं ठरवावं लागतं.

घरात हा अंदाज जमून जातो. समोर ओठ दिसतात, विषय ओळखीचा असतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात, डोक्यावर पंखा घरघरत असताना, फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकांचं बोलणं त्याच मुलाला तुटक तुटक ऐकू येतं. झाशीच्या मराठी मुलाची त्यात आणखी एक अडचण आहे. घरी मराठी, वर्गात हिंदी, पुस्तकं कधी इंग्रजी. ओळखीच्या भाषेत गाळलेली जागा मेंदू भरून काढतो, नव्या भाषेत ते जमत नाही. मेंदूला रेडिएशन मिळालेल्या मुलांची विचारांची गती आधीच थोडी मंदावलेली असू शकते. सेंट ज्यूडच्या संशोधकांनी दाखवलं आहे की अशा मुलांत ज्यांचे कानही गेले, त्यांचं वाचन इतरांपेक्षा जास्त मागे पडलं. मूल 'मठ्ठ' झालं म्हणून शिकवणी लावण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत, ते यासाठी.

तपासणी कोणती, केव्हा

मुख्य तपासणी ऑडिओमेट्री. ध्वनिरोधक खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीतले बारीक आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की मुलानं बटण दाबायचं. साधारण तीन वर्षांच्या पुढची मुलं खेळातून, म्हणजे आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा अशा पद्धतीनं, हे करू शकतात. त्याहून लहान किंवा साथ न देणाऱ्या मुलासाठी बेरा तपासणी असते. मूल झोपलेलं असताना डोक्याला चिकटवलेल्या तारांवरून चेतातंतूचा प्रतिसाद मोजतात. ओएई तपासणी बाहेरच्या केसपेशी जिवंत आहेत का हे दोन मिनिटांत सांगते, आणि टिंपॅनोमेट्री पडद्यामागचं पाणी पकडते.

ऑडिओमेट्री करताना एक गोष्ट आग्रहानं सांगायची. आवाज ८,००० हर्ट्झपर्यंत तपासून घ्या. नुसत्या मधल्या पट्टीच्या सरासरीवर 'नॉर्मल' शिक्का पडला, तर नेमका हरवलेला टापू निसटतो. शक्य असेल तर रेडिएशन सुरू होण्याआधीची एक तपासणी हाताशी हवी, म्हणजे पुढच्या प्रत्येक कागदाची तुलना करता येते.

किती वेळा? बालकॅन्सरमधून बरे झालेल्यांसाठी २०१९ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत ३० ग्रे किंवा अधिक डोस मिळालेल्या, तसंच सिस्प्लाटिन घेतलेल्या मुलांसाठी वेळापत्रक आहे. उपचार संपेपर्यंत पहिली तपासणी झालेली असावी, मग सहा वर्षांखाली दरवर्षी, सहा ते बारा वर्षांत वर्षाआड, त्यापुढे दर पाच वर्षांनी. दोष सापडला तर अधिक लवकर लवकर. हे किमान आहे. रेडिएशननंतरच्या पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी तपासणी करून घ्यायला हवी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं, कारण बिघाड दिसू लागण्याचा काळ बहुधा तोच असतो.

यातल्या एकाही तपासणीसाठी परळ गाठायची गरज नाही. झाशीत महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे, शंभर किलोमीटरवर ग्वाल्हेरचं गजराराजा मेडिकल कॉलेज आहे. कान-नाक-घसा विभागात चौकशी करून ऑडिओमेट्री तिथेच करावी, आलेख जपून ठेवावा आणि एमआरआयसाठी मुंबईला जाताना फाइलमध्ये न्यावा. टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र दवाखाना चालतो, तिथे या उशिरा येणाऱ्या परिणामांचाच विचार होतो. कानाचे आलेख तिथे दाखवावेत. आणि उपचार संपताना मिळणाऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहून मागाव्यात: डाव्या-उजव्या कॉक्लियाला मिळालेला डोस, सिस्प्लाटिन किंवा कार्बोप्लाटिन मिळालं का आणि एकूण किती, आणि कान कधी कधी तपासायचे. झाशीच्या डॉक्टरांना मूल नवं असतं. हा एक कागद त्यांना सगळा इतिहास सांगतो.

ऐकू कमी आल्यावर

गेलेल्या केसपेशी परत आणता येत नाहीत, पण ऐकणं बरंच परत आणता येतं. पहिला उपाय कानामागचं डिजिटल यंत्र. ते मुलाच्या आलेखाप्रमाणे जुळवावं लागतं: खालची पट्टी चांगली असेल तर ती वाढवायची नाही, वरचीच वाढवायची. दुकानातून घेतलेलं तयार यंत्र सगळाच आवाज मोठा करतं, मुलाला ते नकोसं होतं आणि आठवड्याभरात कपाटात जातं. यंत्र ऑडिओलॉजिस्टकडूनच बसवून घ्यावं आणि कान बदलत जातील तसं पुन्हा जुळवावं. वर्गासाठी शिक्षकांच्या गळ्यात छोटा माइक आणि मुलाच्या यंत्रात थेट आवाज, अशी सोय मिळते. गोंगाटात तिचा फार उपयोग होतो.

यंत्रानंही भागत नसेल तर कॉक्लियर इम्प्लांट. ते मेलेल्या केसपेशी ओलांडून चेतातंतूला थेट विजेचे संदेश देतं, म्हणून चेतातंतू शाबूत असणं गरजेचं. या मुलांच्या बाबतीत एक प्रश्न आधीच सोडवावा लागतो. इम्प्लांटमध्ये चुंबक असतो आणि गाठीसाठी एमआरआय तर पुढेही लागणार. एमआरआयला चालणारी इम्प्लांट आता मिळतात, तरी कॅन्सरचे आणि कानाचे डॉक्टर एकमेकांशी बोलूनच हा निर्णय व्हावा.

उरलेली श्रवणशक्ती राखणं घरच्यांच्या हातात आहे. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शनं कानाला मारक असतात. ताप-जुलाबासाठी कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी 'याच्या डोक्याला रेडिएशन झालंय' हे आधी सांगायचं. दिवाळीचे सुतळी बॉम्ब, वरातीतले डीजे आणि कानात खुपसलेले इअरफोन यांपासून या मुलांना लांब ठेवायचं.

दाखल्यात न बसणारी मुलं

सरकारी मदतीच्या वाटेवर एक खाच आहे आणि ती बुजवली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहिरेपणा म्हणजे बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत ७० डेसिबलचा दोष, आणि कमी ऐकू येणं म्हणजे ६० ते ७० डेसिबल. १९८१ पासून चालत आलेल्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रं मिळतात, पण किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर. रेडिएशननं फक्त वरची पट्टी गेलेलं मूल या मापात बहुधा बसत नाही. मधल्या पट्टीची सरासरी बरी दिसते, टक्केवारी कमी भरते आणि वर्गात मात्र अर्धा धडा निसटतो. कॅन्सरमधून वाचलेल्या मुलांच्या श्रवणयंत्राचा खर्च हा कॅन्सरच्या उपचारातच धरला गेला पाहिजे. ज्या सरकारी विम्यातून रेडिएशन होतं, त्याच विम्यातून त्या रेडिएशनमुळे लागलेलं यंत्र मिळावं, ही मागणी रास्त आहे. ज्यांचा दोष मापात बसतो त्यांनी युडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र काढून घ्यावं; मुंबईत वांद्र्याची १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यात मार्ग दाखवते.

शाळेत मात्र दाखल्यावाचूनही पुष्कळ करता येतं. पुढचा बाक, खिडकी आणि पंख्यापासून दूर. मुलाकडे तोंड करून बोलणं. गृहपाठ फळ्यावर लिहून देणं. श्रुतलेखनात शब्द न कळल्यास पुन्हा विचारायची मुभा. मुख्याध्यापकांना एकदा भेटून, ऑडिओमेट्रीचा कागद दाखवून, हे सांगावं. सांगितल्यावर बहुतेक शिक्षक मनापासून सांभाळून घेतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, हीच खरी अडचण असते.

मेंदूच्या गाठीतून मूल वाचवायला शल्यविशारद, रेडिएशनचे डॉक्टर, भौतिकतज्ज्ञ, परिचारिका, रक्तदाते आणि अख्खं घर लागतं. त्या मुलानं पुढे शिकावं, गप्पा माराव्यात, गाणं ऐकावं, नोकरी करावी, यासाठी लागते ती वर्षाकाठी अर्ध्या तासाची तपासणी, आपल्याच शहरात. ज्या घरात असं मूल आहे त्यांनी पुढच्या एमआरआयच्या तारखेशेजारी ऑडिओमेट्रीची तारीख आजच लिहावी. आणि ज्या डॉक्टरांकडे असं मूल येतं त्यांनी, कशासाठीही आलेलं असो, एकदा विचारावं: याचे कान शेवटचे केव्हा तपासले?